झिजणारा भाग बदलता आला पाहिजे

१९३५ साली आल्प्समध्ये व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती मृत्युमुखी पडले. पायांतले बूट त्या हवेत टिकणारे नव्हते. त्यानंतर दोनच वर्षांत ब्रामानीने रबराचा खाचदार सोल तयार केला. व्हिब्राम हे त्याचे नाव आज सह्याद्रीतल्या ट्रेकरलाही ठाऊक आहे. सोल झिजणारच, हे चांगला बूट बनवणारा धरूनच चालतो. म्हणून तो वरचे कातडे शाबूत ठेवून सोल बदलता येईल अशी बांधणी करतो.

फोनमध्ये आधी काय झिजणार, हे फोन बनवणाऱ्यालाही पक्के माहीत असते. लिथियम-आयन बॅटरी काहीशे वेळा चार्ज झाली की कमी टिकू लागते. तो तिच्या रसायनाचा धर्म आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तीच बॅटरी गोंदाने चिकटवून टाकायची, वरून काचही चिकटवायची, मग काच तापवून उघडताना ती तडकली की गिऱ्हाइकाने नवा फोन घ्यायचा, हा अन्याय आहे.

पाणी शिरू नये म्हणून चिकटवावे लागते, असे सांगतात. ते खरे नाही. २०२४ मध्ये भारतात आलेला सॅमसंगचा एक्सकव्हर ७ पाण्याधुळीला दाद देत नाही, तरी त्याचे मागचे झाकण नखाने उघडून बॅटरी काढता येते. ॲमस्टरडॅमच्या फेअरफोनने २०२३ मध्ये आणलेल्या फोनचा डिस्प्ले, कॅमेरा, चार्जिंगचा पोर्टसुद्धा साध्या स्क्रू ड्रायव्हरने बदलतो, आणि सॉफ्टवेअरची साथ आठ वर्षांची. तो पाण्याचे शिंतोडे सोसतो, बुडवलेला चालत नाही. पाण्यात बुडूनही टिकणे आणि सगळे भाग सहज बदलता येणे, हे दोन्ही गुण एका फोनात आणणे हे आजच्या अभियंत्यांपुढचे खरे काम आहे. नुसते जाड रबरी कवच चढवून 'रग्ड' म्हणवणे सोपे आहे. खडकावर आपटून न फुटलेला फोन सुरक्षेचे अपडेट थांबल्यामुळे टाकावा लागत असेल, तर त्या कवचाचा उपयोग काय?

पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीने २०११ मध्ये ऐन खरेदीच्या हंगामात न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन आपलेच जॅकेट विकत घेऊ नका असे लोकांना सांगितले. फाटलेले जॅकेट ती शिवूनही देते. असे धाडस फोनच्या धंद्यात मला फारसे दिसत नाही.

२०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला. त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही. उरलेल्यातला काही दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोचतो आणि तिथली माणसे तो उघड्या हातांनी फोडतात. दर दोन वर्षांनी नवा फोन घेण्याच्या आपल्या हौसेची किंमत त्यांच्या फुप्फुसांनी मोजावी, हे कोणत्या नीतीत बसते?

युरोपीय संघात जून २०२५ पासून फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, पण पोर्टलला कायद्याचा दात नाही. तो कायदा आपण आपल्या खासदारांकडे मागायला हवा.

तोवर निदान एवढे करा. हातातल्या फोनची बॅटरी थकली असेल तर आधी ती बदलून घ्या. नवा घ्यावाच लागला, तर बॅटरी केवढ्याला बदलून मिळेल, सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि अपडेट कोणत्या सालापर्यंत येतील, हे दुकानदाराला विचारा. उत्तर मिळाले नाही तर तो फोन घेऊ नका.