रिकामे स्लॉट आणि अपरिग्रह

कॉम्प्युटर असेंबल करून घेताना मदरबोर्डवर किती एक्स्पान्शन स्लॉट असावेत, हा प्रश्न दुकानदाराला विचारून मोकळं व्हावं असा वाटतो. पण त्याच्या तळाशी एक जुना धार्मिक पेच आहे. आज ज्याची गरज नाही त्याची तजवीज करून ठेवणं हा लोभ आहे का? गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांविषयी जी पत्रं लिहिली, ती पुढे ‘मंगल प्रभात’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांतलं अपरिग्रहाचं विवेचन कडक आहे. सत्याच्या साधकाने उद्यासाठी साठवू नये, कारण तो ईश्वरावरचा अविश्वास ठरतो, असा त्याचा आशय. हे अक्षरशः घेतलं तर ज्याला फक्त एक ग्राफिक्स कार्ड लावायचं आहे त्याने एकच स्लॉट असलेला मिनी-आयटीएक्स बोर्ड घ्यावा. त्यापलीकडचे स्लॉट म्हणजे परिग्रह. मला हा निष्कर्ष मान्य नाही, आणि तो अमान्य करायला अपरिग्रहाचं तत्त्व सोडावं लागत नाही.

१९७७ साली आलेल्या ॲपल टू या कॉम्प्युटरवर आठ स्लॉट होते. स्टीव्ह जॉब्स यांना दोन पुरेसे वाटत होते, एक प्रिंटरला, एक मोडेमला. स्टीव्ह वॉझनियॅक आठांवर अडून बसले. जॉब्स यांचा हिशेब मूर्खपणाचा मुळीच नव्हता. त्या घडीला ठाऊक असलेल्या गरजा त्यांनी मोजल्या, आणि गरजेपुरतंच घ्यावं म्हणणारा साधकही हेच करतो. पण पुढच्याच वर्षी फ्लॉपी ड्राइव्ह आला, तोही स्लॉटमध्ये बसणाऱ्या कंट्रोलर कार्डाच्या जोरावर. १९८० मध्ये मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टकार्ड आलं. त्यावर झेड-८० हा निराळाच प्रोसेसर होता, त्यामुळे सीपी/एम प्रणालीवरचे प्रोग्रॅम ॲपलवर चालू लागले. आठ स्लॉटांचा आग्रह धरला गेला तेव्हा यांतलं एकही कार्ड बाजारात नव्हतं. ॲपल टूची मालिका १९९३ पर्यंत टिकली. याउलट १९८४ चा मॅकिन्टॉश एकाही स्लॉटशिवाय, १२८ केबी मेमरी घेऊन आला. त्याच वर्षी ५१२ केबीचं मॉडेल काढावं लागलं, आणि १९८७ च्या मॅकिन्टॉश टूमध्ये सहा स्लॉट दिले गेले.

यावरून मला एक भेद दिसतो. साठा करणारा माणूस उद्या काय लागेल हे आपल्याला कळलंय असं धरून चालतो. तो आजच चार हार्ड डिस्क आणून ठेवतो. रिकामा स्लॉट ठेवणारा नेमकं उलट कबूल करतो, की उद्याचं मला कळत नाही. धान्याने भरलेली कणगी आणि अंगणातली मोकळी जागा यांना एकाच पापाच्या खात्यात घालता येत नाही. जैन परंपरेने तर परिग्रहाची व्याख्याच वस्तूवरून न करता आसक्तीवरून केली आहे. तत्त्वार्थसूत्रातली भूमिका तीच. म्हणून स्लॉट किती, यापेक्षा ते रिकामे असताना मालकाच्या मनात काय चाललंय, हा खरा प्रश्न.

यावर कुणी म्हणेल की मोकळी जागाही फुकट नसते. स्लॉटला तांबं लागतं, प्लास्टिक लागतं, पिनांवर सोन्याचा मुलामा लागतो, आणि घराघरांतल्या कॅबिनेटांत यातले बरेच स्लॉट शेवटपर्यंत रिकामेच राहतात. आक्षेप रास्त आहे. पण दुसरी बाजू मोजा. बोर्डवरची नेटवर्क चिप जळाली आणि स्लॉट शिल्लक असेल, तर एक छोटं कार्ड लावून काम भागतं. नसेल तर यूएसबीच्या तुकड्यावर वेळ मारून न्यायची, नाहीतर धडधाकट बोर्ड भंगारात घालायचा. पीसीआय एक्स्प्रेसच्या जुन्या स्लॉटमध्ये सहसा नव्या पिढीचं कार्डही चालतं, वेग कमी मिळतो इतकंच. एक जादा स्लॉट अख्ख्या बोर्डचं आयुष्य वाढवत असेल, तर कमी वस्तूंत जगण्याचं व्रत त्यानेच जास्त पाळलं जातं.

मात्र स्लॉटांच्या आकड्याचाही मोह होतो, आणि तिथे मी गांधीजींच्या बाजूचा आहे. एटीएक्स बोर्डवर सात स्लॉटांपर्यंत जागा असते, पण प्रोसेसरकडून येणाऱ्या लेन, म्हणजे डेटा ये-जा करण्याच्या वाटा, मोजक्याच. एएमडीच्या एएम५ मंचावरच्या रायझन ७००० प्रोसेसरकडे २८ लेन आहेत. त्यांतल्या चार चिपसेटकडे जातात, आणि ग्राफिक्सचा स्लॉट एकटाच १६ घेतो. त्यामुळे बोर्डवर खालच्या बाजूला दिसणाऱ्या लांबलचक स्लॉटमध्ये टॉर्च मारून पाहिलं, तर पुष्कळदा सोनेरी पिना निम्म्याच्याही आत संपलेल्या दिसतात. पुढचा भाग नुसतं प्लास्टिक. काही बोर्डांवर दुसरी एम.२ ड्राइव्ह बसवली की एखादा स्लॉट बंदच पडतो, आणि जाडजूड ग्राफिक्स कार्ड शेजारचे एक-दोन स्लॉट झाकून टाकतं ते वेगळंच. असे स्लॉट मोजून जादा पैसे देणं हा निव्वळ परिग्रह, कारण तिथे मोकळीकच नाही, तिचा भास आहे. मॅन्युअलमधला लेनवाटपाचा तक्ता वाचून, ग्राफिक्स कार्ड आणि ड्राइव्ह बसवल्यानंतरही जिवंत राहणारे एक-दोन स्लॉट असलेला बोर्ड घ्यावा. त्याहून जास्त मागायला ठोस काम हवं.

सगळ्यात वजनदार आक्षेप उरतो तो असा, की रिकामी जागा इच्छेला आमंत्रण देते. स्लॉट आहे म्हणून कार्ड आणलं जातं. हे घडतं. पण तो स्लॉटचा दोष नव्हे, आणि स्लॉट काढून टाकल्याने इच्छा मरत नाही. ती पुढच्या वर्षी अख्खा नवा कॉम्प्युटर मागते. शिवाय ती जागा माझ्याच उपयोगी पडली पाहिजे, हा आग्रह कशाला? जुने बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून हातोहात फिरतात. पहिल्या मालकाने कधीच न वापरलेल्या स्लॉटमध्ये दुसरा मालक आपल्या कामाचं कार्ड बसवतो, आणि नवा बोर्ड घेण्याचा त्याचा खर्च वाचतो.