माळकऱ्याच्या घरचा सोफा

आमचे हे माळकरी. लालबागच्या चाळीतून टॉवरमध्ये आलो तरी बैठक सतरंजीचीच राहणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. माळ घातलेल्याला सोफा शोभत नाही म्हणे. वैराग्य जपायला हवं.

मला प्रश्न पडतो, की ते वैराग्य होतं कधी? दहा बाय बाराच्या खोलीत लोखंडी कॉट, कपाट, मोरी आणि सात माणसं. रात्री उशिरा येईल त्याची पथारी गॅलरीत. जे ठेवायला जागाच नव्हती, ते आपण सोडलं असं कसं म्हणायचं? बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट मिळतात. गिरणगावातल्या माणसाचा अपरिग्रह खरं तर तिथून सुरू होतो. तोवर असते ती नुसती अडचण.

तुकोबांकडे सोडायला काही होतं. महाजनकी होती, दुकान होतं, लोकांकडून येणं होतं. ती कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. पण सगळी नाही. अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाट्याची म्हणून दिली. बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. कीर्तनात बुवा इंद्रायणीपाशी गहिवरतात आणि कान्होबाला एका वाक्यात उरकतात. मला तुकोबा त्या वाटणीतच जास्त मोठे वाटतात. दुसऱ्याच्या वतीने विरक्त व्हायला ते गेले नाहीत.

आमच्या घरी कान्होबाच्या जागी सासूबाई आहेत. त्यांचे गुडघे गेलेत. जमिनीवरून उठवायला दोघं लागतात, म्हणून हरिपाठाला बसायचंही त्या टाळतात. वैराग्य ह्यांचं आणि कळा त्यांना!

गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाचं आसन कसं असावं ते सांगितलंय: फार उंच नको, फार सखल नको, दर्भ, त्यावर मृगाजिन, वर वस्त्र. बसायची जागा नीट पारखून घेण्यात भगवंतांनाही कमीपणा वाटला नाही. मीही टेप घेऊन सासूबाईंसाठी सोफा बघायला परळच्या दुकानात गेले. अठरा इंच उंची, फोम कडक, हात सरळ आणि भक्कम. म्हणजे त्यावर भार देऊन उठता येईल. दुकानदार नक्षीवाला दाखवत होता. उलटा करायला लावला, तर दर्शनी हात तेवढे सागवानी आणि पोटात जंगली लाकूड. "ताई, आत कोण बघतंय?" म्हणाला. बुवांना सांगायला हवं, दृष्टांत बरा आहे.

शेवटी अख्खी सागवानी फ्रेम असलेला साधा तीन सीटचा ठरवला. हे म्हणाले, "मी मात्र खालीच बसणार." बसा की! आता निदान तुमच्यापुरतं तरी ते सोडणं होईल.

माझं म्हणाल, तर दुपारी कामं आटपली की मलाही त्यावर पाय पसरून पडायचंय. त्याला गीतेत आधार सापडला नाही. शोधलाही नाही.