तुळईवरचे नाव

वूताई पर्वतावरील फोग्वांग मंदिर इ. स. ८४५ च्या बौद्धविरोधी दमनात उद्ध्वस्त झाले. त्याचे काष्ठनिर्मित पूर्वदालन ८५७ मध्ये उभारले गेले. अनात्मवादी धर्माच्या या वास्तूत निंग गोंगयू या दात्रीचे नाव तुळईखाली शाईने लिहिलेले आहे. निःस्वार्थ दानाला नाममुद्रा कशासाठी, हा आक्षेप प्रथमदर्शनी रास्त वाटतो. मात्र आत्मा नाकारणाऱ्या या धर्माने कर्माचे उत्तरदायित्व नाकारलेले नाही. विध्वंसानंतर १२ वर्षांनी लिहिलेले नाव श्रेयाइतकीच जबाबदारीही स्वीकारते. १९३७ मध्ये लियांग स्स-छंग आणि लिन हुइयिन यांनी तेच नाव दालनासमोरील ८५७ च्या शिलास्तंभावर वाचले आणि वास्तूचा काळ निश्चित झाला. नाव पुसल्याने दान निःस्वार्थ होत नाही. ते केवळ साक्षीवाचून उरते.