वेचा, वगळ आणि उत्तरदायित्व

संहितेतून काही वेचून काढणे ही कृती नैतिकदृष्ट्या तटस्थ असू शकते काय? समीक्षेला हा प्रश्न नवा नाही. अवतरण देणारा प्रत्येक समीक्षक तो मुकाट्याने ओलांडत असतो. वेचण्याचे काम यंत्राकडे गेल्यावर मात्र तो अधिक नेमकेपणाने विचारावा लागतो.

स्टीफन क्लीनी या तर्कशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मज्जातंतूंच्या जाळ्याच्या गणिती प्रतिमानाचा विचार करताना 'रेग्युलर' घटनांची संकल्पना मांडली. १९६८ मध्ये केन टॉम्सन यांनी तिच्या आधारे मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणजे चिन्हांच्या क्रमाचे वर्णन करणारे सूत्र. त्यात बसणारा भाग यंत्र उचलते, उरलेला सोडते. त्याला रूप कळते, अर्थ नव्हे. 'मत' शोधू जाता 'किंमत' आणि 'हिंमत' हाती लागतात. 'पाणी' शोधताना 'पाण्यात' निसटते.

हे दोष सूत्र सुधारून दूर करता येतात. पण एखाद्या कादंबरीतील पात्रांचे बोलणे वेगळे काढायचे आहे, असे समजू. 'अवतरणचिन्हापासून अवतरणचिन्हापर्यंत, मधले काहीही' असे सूत्र सहसा शक्य तितका लांब भाग घेते. एकाच परिच्छेदात दोघे बोलत असतील, तर पहिल्या चिन्हापासून अखेरच्या चिन्हापर्यंतचे सारे एकच उद्गार ठरते आणि निवेदकाचे वाक्य पात्राच्या तोंडी जाते. संगणकाच्या परिभाषेत या वृत्तीला 'ग्रीडी', म्हणजे लोभी, असेच म्हणतात. तिला आवर घातला, तर अवतरणात आलेले तशाच चिन्हांचे अवतरण अर्ध्यावर तुटते. साक्षी-जबान्यांच्या बाबतीत हा दोष केवळ तांत्रिक राहत नाही. कोणाच्या तरी नावावर न उच्चारलेले वाक्य जमा होते, किंवा उच्चारलेले नाहीसे होते.

यावर असा आक्षेप संभवतो की, माणसाची निवडही पूर्वग्रहापासून मुक्त नसते. सूत्र निदान सर्वत्र सारखे लागू होते आणि उघडपणे तपासता येते. आक्षेप सार्थ आहे. परंतु सारखेपणा म्हणजे न्याय नव्हे. चुकीचा प्रश्नही सर्वत्र सारखाच विचारता येतो.

या संदर्भात रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट अभ्यासकाचे उदाहरण उद्बोधक आहे. थॉमस अक्वायनस यांच्या लेखनातील 'उपस्थिती'च्या संकल्पनेचा शोध घेताना बुसांनी प्रथम तो अर्थ सांगणारे लॅटिन शब्द तपासले. संकल्पना मात्र 'इन' या लहानशा अव्ययाशी निगडित असल्याचे त्यांना आढळले. मग त्यांनी त्या अव्ययाशी संबंधित वाक्ये सुमारे १०,००० कार्डांवर हाताने उतरवली. आधीच्या शोधात यांत्रिक चूक काहीच नव्हती. अपुरा होता तो प्रश्न, आणि तो अपुरेपणा वाचनातूनच उमगला.

म्हणून वेचणाऱ्याचे उत्तरदायित्व दुहेरी ठरते. कशाच्या आधारे वेचले हे त्याने सांगावे, आणि जे वगळले गेले त्याकडे एकदा तरी परतून पाहावे. पहिले काम यंत्र सुलभ करते. दुसरे ते कोणाच्याही वतीने आपणहून करीत नाही.