जीव पणाला लावला म्हणून



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. मिस्सात वाचण्यासाठी आपण नावांच्या ज्या चिठ्ठ्या देता, त्यांत फौजेत गेलेल्यांची नावे असतातच. आपल्या जिल्ह्यात ते साहजिक आहे. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचे नावच मुळी सैनिक टाकळी. सैनिकाचे नाव आले की आपण मान खाली घालतो आणि ते योग्यच आहे. पण त्या आदराआड एक प्रश्न दडून राहतो, तो या महिन्यात विचारावासा वाटतो. एखाद्याने मरण पत्करले, पण ज्या कामात पत्करले ते कामच वाईट असेल, तर? त्याच्या मरणाने ते काम शुद्ध होते का? आणि होत नसेल, तर त्याच्यासाठी रडायचे की नाही?

उदाहरण मी मुद्दाम लांबचे घेतो, कारण घरच्या माणसाचा विषय निघाला की मन लगेच बाजू घेते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलात बॉम्बफेकी विमानांचा एक वेगळा विभाग होता, त्याला बॉम्बर कमांड म्हणत. त्यात सुमारे १,२५,००० जणांनी विमानातून काम केले. त्यांतले ५५,५७३ मेले. मोहिमेवर गेलेली आठ हजारांहून जास्त विमाने गमावली. लँकेस्टर नावाच्या मोठ्या विमानात सात माणसे असत. वैमानिक, वाट काढणारा नेव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, यंत्रे सांभाळणारा, बिनतारीवाला आणि दोन तोफची. मागच्या टोकाला बसणारा तोफची रात्रभर थंडीत एकटा असे. बहुतेकांचे वय विशी-बाविशीचे, म्हणजे आपल्या युवा संघातल्या मुलांएवढे. आणि सगळे स्वतःहून पुढे आलेले, कोणालाही जबरदस्तीने विमानात बसवले नव्हते.

तीस मोहिमा झाल्या की त्यांना विश्रांती मिळे. आता शाळकरी मुलांनी हिशेब करावा. दर मोहिमेला शंभरातली चार विमाने पडली, तर तीस मोहिमांनंतर शंभरातली तीससुद्धा उरत नाहीत. कधी याहूनही वाईट रात्र येई. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्युरेंबर्ग शहरावर ७९५ विमाने निघाली, त्यांतली ९५ गेली.

लांबचे म्हटले, तरी हे अगदी परकेही नाही. या हवाई दलातल्या ११० क्रमांकाच्या तुकडीला ‘हैदराबाद’ हे नाव होते, कारण पहिल्या महायुद्धात तिची विमाने निजामाने भेट दिली होती. निजामाच्या राज्यात आजचा मराठवाडा होता. तेव्हा त्या भेटीत बीड-परभणीच्या शेतकऱ्याने भरलेला साराही असणारच, आणि त्याला कोणी विचारले नसणार हेही उघड आहे. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर यांनी तर प्रत्यक्ष लँकेस्टरमधून नेव्हिगेटर म्हणून मोहिमा केल्या आणि डीएफसी हे शौर्यपदक मिळवले. तिसरा धागा मुंबईतल्या अंधेरीचा आहे, त्याकडे पुढे येतो.

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी पहिला हल्ला झाला. त्यात ही ‘हैदराबाद’ तुकडी होती. लक्ष्य होते जर्मनीच्या किनाऱ्याजवळच्या युद्धनौका. सात विमाने परतली नाहीत. त्या काळात वैमानिकांना सक्त ताकीद होती, नागरी वस्तीवर बॉम्ब पडता कामा नये. त्याच डिसेंबरात २२ विमाने भरदिवसा युद्धनौकांवर गेली आणि त्यांतली १२ पडली. अधिकाऱ्यांनी ठरवले, इतकी मुले मारून घेण्यापेक्षा रात्री जावे. रात्री गेल्यावर माणसे वाचू लागली, पण खालचे दिसेना. १९४१ च्या ऑगस्टमध्ये छायाचित्रांवरून तपासणी झाली, तेव्हा आढळले की लक्ष्यावर बॉम्ब टाकले असे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती. पाच मैल म्हणजे कारखान्यावर टाकलेला बॉम्ब शेजारच्या गावात. मग रात्री नेमके लागेल असे लक्ष्य कोणते? सबंध शहर! १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे, मनोधैर्य मोडणे हाच हेतू ठरवला. पुढे जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गमध्ये ३५ ते ४० हजार माणसे मेली, फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये सुमारे २५ हजार. ड्रेस्डेनच्या हल्ल्यात अमेरिकन विमानेही होती.

जर्मनांनी वॉर्सा, रॉटरडॅम आणि कॉव्हेंट्री ही शहरे आधी भाजून काढली होती, हे विसरून चालणार नाही. हिटलरचे राज्य टिकले असते तर काय झाले असते, हेही आपल्याला ठाऊक आहे. तरीसुद्धा युद्धनौकेपासून शहरापर्यंतचा हा अडीच वर्षांचा रस्ता मला फार विचार करायला लावतो. या वाटेवर एखादा राक्षस बसलेला आपल्याला सापडत नाही. ‘आपली पोरे मरू नयेत’ ही भावना प्रत्येक वळणावर होती. ती चांगलीच भावना आहे, आईची भावना आहे. पण तिने केले काय, तर आपल्या पोरांवरचा धोका उचलला आणि खालच्या बाया-पोरांवर ठेवला. आणि आपली पोरे तरी वाचली का? आकडा वर दिलाच आहे.

या विषयावर एका निवृत्त सुभेदारांशी बोलणे झाले. ते म्हणाले, “फादर, तुमचं पुस्तकातलं खरं असंल. पर खालनं तोफा सुटत्यात, शेजारचं इमान पेटलंय, तवा इचार कोण करतंय? आन् जो सोताचा जीव द्याला तयार हाय, त्येला बोलायचा अधिकार आपल्याला कुठनं आला?” सुभेदारसाहेबांचे पहिले वाक्य मला मान्य आहे. पेटत्या विमानात बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलाचा न्याय मी करणार नाही. तो देवाने करावा. दुसरे वाक्य मात्र मला पटत नाही, आणि ते आपण सगळेच बोलतो म्हणून त्यावर थोडे थांबतो.

माझा जीव मी पणाला लावू शकतो, कारण तो माझ्याकडे सोपवलेला आहे. हॅम्बुर्गच्या तळघरात लपलेल्या मुलाचा जीव माझ्याकडे सोपवलेला नाही. मी स्वतःहून फौजेत आलो, धोका पत्करला, सही केली, या सगळ्याने माझ्या मरणापुरती संमती मिळते. त्याच्या मरणाची संमती माझ्या सहीतून येत नाही. शौर्य हा मोठा गुण आहे, पण तो कामाला न्याय्य ठरवत नाही. दरोडेखोरसुद्धा जिवावर उदार असतो. (वैमानिक दरोडेखोर होते असे मी म्हणत नाही, कृपया कोणी तसे सांगत फिरू नये.) आता तर ही सबबही सुटत चालली आहे. ड्रोन चालवणारा शेकडो मैलांवर खोलीत बसतो आणि ड्युटी संपली की घरी जाऊन जेवतो. त्याने काहीच पणाला लावलेले नाही. मग त्याच्या कामाचा न्याय कशावरून करायचा? जो प्रश्न लँकेस्टरच्या वेळी शौर्याने झाकला होता, तो ड्रोनने उघडा पाडला.

सेमिनरीत आम्हाला दुहेरी परिणामाचे तत्त्व शिकवतात. त्याचे मूळ संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात स्वसंरक्षणाविषयी केलेल्या विवेचनात आहे. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या नदीकाठची. पावसाळ्यात धरण तुडुंब भरले की दरवाजे उघडावे लागतात. खालच्या मळ्यांत पाणी शिरणार हे अधिकाऱ्याला ठाऊक असते, पण ते त्याला हवे नसते. धरण फुटू नये हे हवे असते. खालची गावे बुडवूनच आपले काम साधायचे असे त्याने ठरवले, तर पाणी तेच, पण कृत्य वेगळे. गव्हाबरोबर किडेही रगडले जातात, असे आपण सहज म्हणतो. १९४२ च्या आदेशानंतर किडे रगडणे हेच दळणाचे कारण झाले होते.

पण ‘मला ते हवे नव्हते’ एवढे म्हणून धरणाचा अधिकारीसुद्धा सुटत नाही. दरवाजे उघडण्याआधी त्याला काठावरच्या गावांना इशारा द्यावा लागतो. रात्र असली, पाऊस असला, तरी निरोप पोचवावा लागतो. हवे नव्हते हे खरे असेल, तर ते टाळण्यासाठी स्वतः काय सोसले हे दिसायला हवे.

आता अंधेरीचा धागा. लेनर्ड चेशायर हे बॉम्बर कमांडमधले अतिशय नावाजलेले वैमानिक. शंभर मोहिमा केल्या, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ८ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री ते बारा लँकेस्टर घेऊन फ्रान्समधल्या लिमोज गावी निघाले. तिथे जर्मनांच्या ताब्यातला विमानांच्या इंजिनांचा कारखाना होता आणि रात्रपाळीला फ्रेंच कामगार होते, त्यांत बायका पुष्कळ. चेशायर यांनी आपले अवजड विमान कारखान्याच्या छपरावरून अगदी खालून तीन वेळा नेले, कामगारांनी ओळखावे आणि पळावे म्हणून. प्रत्येक फेरीने शत्रूला सावध व्हायला वेळ मिळत होता. त्यानंतर त्यांनी लक्ष्यावर खुणेचे बॉम्ब टाकले आणि मागच्या विमानांनी कारखाना उद्ध्वस्त केला.

सुभेदारसाहेबांना मी हीच गोष्ट सांगितली. वरून विचार करता येतो, आणि एकाने तो केला होता. धोका खालच्यांवर ढकलण्याऐवजी त्याने तो वर, स्वतःवर ओढून घेतला. अर्थात लिमोजचे कामगार फ्रेंच होते, मित्रराष्ट्राचे. हॅम्बुर्गच्या बाईसाठी छपरावरून कोणी तीन फेऱ्या मारल्या नाहीत. आणि योगायोग असा की लिमोजच्या दुसऱ्याच दिवशी, ९ फेब्रुवारी १९४४ ला, जॉर्ज बेल या अँग्लिकन बिशपांनी ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात उभे राहून शहरांवरच्या बॉम्बफेकीला जाहीर विरोध केला. भर युद्धात, आपल्याच देशाविरुद्ध बोलतो असा ठपका घेऊन. तेही एक प्रकारे छपरावरून फेरी मारणेच होते.

चेशायर यांनी ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर पडलेला अणुबॉम्ब ब्रिटनचे निरीक्षक म्हणून विमानातून पाहिला. तो बॉम्ब उराकामी या कॅथलिक वस्तीवर फुटला. त्या वस्तीचे मोठे चर्च आणि हजारो कॅथलिक लोक त्या दिवशी गेले. युद्धानंतर चेशायर यांनी मरणासन्न अशा एका निराधार माणसाची स्वतःच्या घरी शुश्रूषा केली, १९४८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ते कॅथलिक झाले, आणि अपंग व असाध्य रोग्यांसाठी चेशायर होम्स सुरू केली. भारतातले पहिले घर १९५६ साली अंधेरीत निघाले. १९५९ साली स्यू रायडर यांच्याशी त्यांचा विवाहही मुंबईतच झाला.

प्रवचनांत ही गोष्ट बहुधा पश्चात्तापाची गोष्ट म्हणून सांगतात. तशी ती नाही, आणि धर्मगुरूंनी सोयीसाठी सत्य वाकवू नये. बॉम्बफेकीचे प्रायश्चित्त म्हणून आपण हे काम करतो असे चेशायर यांचे म्हणणे नव्हते. अणुबॉम्बने युद्ध थांबले आणि त्याहून अधिक जीव वाचले, हे मत त्यांनी कॅथलिक झाल्यावरही सोडले नाही. मला ते मत पटत नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सबंध शहरांच्या सरसकट विनाशाचा स्पष्ट शब्दांत निषेध केला, आणि मी त्या बाजूचा आहे. किती जीव वाचले याची बेरीज मांडून उराकामीच्या लोकांची वजाबाकी करता येत नाही. पण चेशायर यांच्याशी असहमत होऊनही मला त्यांच्याविषयी आदर वाटतो, आणि या दोन गोष्टी एका मनात राहू शकतात हे मला त्यांच्यामुळेच जास्त कळले. त्यांचे मत चुकले असेल. अंधेरीतल्या रोग्याच्या खाटेला त्याने काही बाध येत नाही. तसेच त्या खाटेने नागासाकीचाही हिशेब मिटत नाही.

मेलेल्या ५५,५७३ जणांच्या बाबतीत मात्र जगाने हे दोन वेगळे ठेवले नाही. युद्ध संपले, जळालेल्या शहरांची छायाचित्रे लोकांपुढे आली, आणि ज्यांनी आदेश दिले तेच नेते या मुलांचे नाव घ्यायला संकोचू लागले. मे १९४५ मधल्या विजयाच्या भाषणात चर्चिल यांनी त्यांचा जेमतेम उल्लेख केला. वेगळे मोहीमपदक त्यांना मिळाले नाही. कामाची लाज वाटली, म्हणून करणाऱ्यांचे मरणही नजरेआड केले गेले, आणि त्यांच्या आयांनी मूठभर मातीसुद्धा न पाहता दिवस काढले. वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांना कबरच नाही. त्यांची नावे लंडनजवळ रनीमीड येथे भिंतींवर कोरलेली आहेत.

माणसासाठी रडणे म्हणजे त्याच्या कामाला निर्दोष म्हणणे नव्हे. तसे असते तर आपल्यापैकी कोणासाठी मिस्सा वाचता आली असती? मृतांसाठी आपण प्रार्थना करतो ती ते निर्दोष होते म्हणून नाही. त्यांना दयेची गरज आहे म्हणून. पुण्याला जाणाऱ्यांनी कधी खडकीची युद्धस्मशानभूमी पाहावी. तिथे अधिकारी आणि शिपाई यांच्या शिळा एकाच मापाच्या आहेत, आणि कोणी कोणत्या मोहिमेत काय केले हे त्यांच्यावर लिहिलेले नाही.

लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये बॉम्बर कमांडचे स्मारक उभे राहायला २०१२ साल उजाडले. २८ जूनला राणी एलिझाबेथ यांनी ते उघडले, तेव्हा त्या तुकड्यांतले वाचलेले लोक नव्वदीच्या घरात होते. सात वैमानिकांचे पुतळे आहेत, मोहिमेवरून नुकतेच परतलेले, थकलेले. स्मारकावर त्या ५५,५७३ जणांचा आकडा आहे, आणि १९३९ ते १९४५ या काळात बॉम्बफेकीत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचेही स्मरण त्याच दगडात कोरलेले आहे.