प्रेषित परत आले तेव्हा

मार्ककृत शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात प्रभूने बारा जणांस दोघे दोघे करून सेवेस पाठविले. परतल्यावर त्यांनी घडलेली सारी हकीकत त्याच्यापुढे मांडली. किती रोगी बरे केले ह्याचा आकडा त्याने मागितल्याचे तेथे लिहिलेले नाही. त्यांस जेवावयासही सवड नाही हे त्याने पाहिले, व विसाव्यासाठी त्यांस एकांती नेले.

हा भाग वाचताना आम्हांस अंगणवाडीसेविका आठवते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत ही योजना आरंभली. बालकांची वजने, आहार, गृहभेटी हे सेविकेचे काम. तिच्यावर देखरेखीस मुख्यसेविका. आमच्या मंडळीतील एक भगिनी हे काम करते. तिच्या यादीतील एक कमी वजनाचे मूल पावसाळ्यात दगावले. पुढल्या भेटीत मुख्यसेविकेने वजनाची नोंद वेळेवर का नाही, एवढेच विचारले व खडसावले. तेव्हापासून ती रोडावलेल्या मुलांची वजने पाव-अर्धा किलो वाढवून लिहू लागली. वही निर्दोष दिसू लागली, मुले मात्र होती तशीच. भयाने घेतलेला हिशेब असाच असावयाचा!

वर्षाने दुसऱ्या मुख्यसेविका आल्या. त्यांनी वही बाजूस ठेविली, सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "त्या लेकराचे काय झाले, ते मला सांग." भगिनी रडली, आणि मग खोट्या नोंदींचेही बोलली. त्या बाईंनी ते पाप झाकले नाही. त्याच दिवशी प्रत्येक मूल पुन्हा तराजूत घालून खरे आकडे लिहविले. एक मूल फारच अशक्त निघाले. त्याची आजी दवाखान्याचे नाव काढू देईना, म्हणून दोघी मिळून त्या घरी गेल्या. आजीशी कसे बोलावे हे भगिनीने तेथे पाहिले. मूल उपचारास गेले.

हे ऐकून आम्ही लज्जित झालो. आमच्या सुवार्तिकांकडे आम्ही दरमहा जातो. उपासनेस किती जण, वर्गणी किती, इतके टिपून परततो. (गाडीची वेळही पाहावयाची असते!) त्यांतील एकाची पत्नी तीन महिने अंथरुणास खिळली होती, हे आम्हांस दुसऱ्या गावी कळले.

गेल्या महिन्यात त्याच्या ओसरीवर आम्ही वही मिटली व घरचे वर्तमान पुसले. तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग बोलू लागला. शेवटची गाडी गेली. आम्ही तेथेच राहिलो.