पडलेले धनुष्य कोणी उचलावे?

आजाऱ्याची सेवा करणे म्हणजे त्याला हात हलवू न देणे, असा एक समज आपल्या घराघरांतून खोल रुजलेला आहे. सासऱ्यांना पक्षाघात झाला, तर सुनेने त्यांना भरवावे, मुलाने सदरा चढवावा, नातवाने पाण्याचे भांडे ओठांस लावावे. यातच घराण्याचे संस्कार दिसतात, असे आपण मानतो. या सेवेमागील प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु प्रेम खरे असले म्हणजे त्यातून घडणारे कर्मही योग्यच असते, असे मात्र नाही. ज्याची सेवा केली जाते, त्याचे या सेवेने नेमके काय होते, हा प्रश्न धर्मविचार करणाऱ्याने टाळता कामा नये.

म्हैसूर नगराच्या वायव्येस गोकुलम नावाची वसाहत आहे. तिचे नाव आज देशोदेशी पोचले आहे ते योगासनांमुळे. पट्टाभि जोईस यांनी लक्ष्मीपुरम येथील आपली योगशाळा २००२ साली गोकुलमला आणली आणि परदेशांतून आसने शिकावयास येणाऱ्यांचे ते एक स्थानच होऊन बसले. शरीर इच्छेच्या अधीन करावे, हा या साधकांचा ध्यास. परंतु ज्यांचे शरीर एका सकाळी अकस्मात इच्छेच्या अधिकाराबाहेर गेले, अशी माणसे कोणत्या गावी नाहीत? ती नाशिकला आहेत, सांगलीला आहेत, गोकुलमच्या त्या शांत रस्त्यांवरील घरांतही असणारच. एका हाताने सदऱ्याची गुंडी लावणे, हेच त्यांचे दिवसातील सर्वांत कठीण आसन होय. आता गंमत अशी की, आसन शिकणाऱ्याच्या वतीने दुसऱ्या कोणी आसन करावे, हे कोणास स्वप्नातही सुचणार नाही. गुंडीच्या बाबतीत मात्र ते सर्वांना तत्काळ सुचते.

मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह गुठळीने अडला किंवा तेथील रक्तवाहिनी फुटली, म्हणजे पक्षाघात होतो. मेंदूच्या डाव्या भागास इजा झाली तर उजवे अंग लुळे पडते, आणि पुष्कळदा वाचाही जाते. (वाचा गेलेल्यांसाठी काम करणारी अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था याच म्हैसुरात मानसगंगोत्री परिसरात आहे, तिची स्थापना १९६५ सालची.) येथवरचे आपणांस ठाऊक असते. ठाऊक नसते ते पुढचे. आघातानंतर हात जितका खरोखर गेलेला असतो, त्याहून अधिक तो न वापरल्यामुळे जातो. प्रारंभी प्रयत्न फसतो, भांडे हातून पडते, घरचे धावून येतात. दुसरा हात काम भागवू लागतो. आणि काही आठवड्यांतच मेंदू त्या हाताला जणू आपल्या हिशेबातून वजा करून टाकतो. अमेरिकन संशोधक एडवर्ड टाउब यांनी ही गोष्ट माकडांवरील प्रयोगांतून ओळखली. त्या माकडांच्या हालांवरून १९८१ साली अमेरिकेत प्रकरण न्यायालयात गेले होते. ते ज्ञान ज्या वाटेने आले ती वाट मला निर्दोष वाटत नाही; परंतु त्यामुळे ते ज्ञान खोटे ठरत नाही. पुढे त्याचाच आधार घेऊन अमेरिकेत २२२ रोग्यांवर एक मोठी चाचणी झाली. ज्यांच्या मनगटात व बोटांत थोडीफार हालचाल उरली होती, अशांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे, जागेपणाचा बहुतेक काळ, जाड हातमोजा चढवून ठेवला आणि अधू हाताकडून रोजची कामे करविली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे हे रोगी नेहमीच्या उपचारांवरील रोग्यांच्या पुढे गेले, आणि वर्षभरानंतरही त्यांचा तो लाभ टिकून होता.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. आपण प्रेमाने जो घास भरवतो, तो घास त्या हाताच्या शिक्षणातून वजा होत असतो.

ज्या विद्येने हे तत्त्व रोजच्या जीवनात उतरविले, तिला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. तिची पहिली संघटना १९१७ साली अमेरिकेतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी जॉर्ज बार्टन यांच्या घरी स्थापन झाली. बार्टन वास्तुशिल्पी होते. त्यांच्या स्वतःच्या शरीराची डावी बाजू लुळी पडली होती, आणि बागकाम व सुतारकाम करूनच ते पुन्हा उभे राहिले होते. आपल्याकडे ही विद्या आणली ती कमला निंबकर यांनी. जन्माने त्या न्यू जर्सीमधील क्वेकर पंथीय कुटुंबातील एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून १९३० साली त्या भारतात आल्या आणि येथल्याच झाल्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी पुन्हा अमेरिकेस जाऊन हे शिक्षण घेतले, आणि १९५० साली मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. आशियातील ती पहिली मानली जाते. १९५२ साली अखिल भारतीय संघटना निघाली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्षा. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या १० संस्थापक देशांत भारताचा समावेश होता. फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेमुळे त्यांचे नाव मराठी मुलांच्या ओठी राहिले आहे, तरी त्यांचे मूळ कार्य मराठी वाचकांस फारसे ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट होय.

‘व्यवसायोपचार’ या शब्दाने पुष्कळांचा घोटाळा होतो. व्यवसाय म्हणजे धंदा, तेव्हा रोग्याला पोटापाण्याचे काम शिकविणे, असा अर्थ ते घेतात. पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात व्यवसाय हा शब्द आला आहे तो निश्चय या अर्थाने. शब्द बनविणाऱ्यांच्या मनात तो अर्थ होता की नाही, हा प्रश्न वेगळा. माझ्या मते मात्र तोच येथे अधिक शोभतो.

या उपचाराची सामग्री पाहिली तर हसू यावे इतकी साधी आहे. सदरा चढविताना अधू हात आधी बाहीत घालावा, काढताना तो शेवटी काढावा. ताट सरकू नये म्हणून त्याखाली ओले फडके ठेवावे. चमचा पकडीत येत नसेल, तर दांड्यास कापड गुंडाळून तो जाड करावा. मेंदूच्या उजव्या भागास इजा झालेल्या काही रोग्यांचे डाव्या बाजूचे भानच हरपते. डोळे शाबूत असूनही ताटातील डावीकडचे पदार्थ तसेच राहतात. घरचे म्हणतात, भूक मेली. उपचारक ताट फिरवून देत बसत नाही. मान डावीकडे वळवून ताटाची कड शोधावयास शिकवितो.

परंतु आपल्या समाजात या शिक्षणाच्या आड एक गोष्ट येते, आणि तिचा विचार पाश्चात्त्य ग्रंथांतून सापडावयाचा नाही. उजवा हात गेला म्हणजे डाव्याने जेवावे लागते. ज्याने साठ वर्षे डावा हात अन्नास लावला नाही, तो गृहस्थ हे करावयास धजत नाही. एकांतात तो कसेबसे जेवतो. पण पंक्तीस बसत नाही, लग्नास जात नाही, देवपूजा सोडून देतो. शरीराच्या पंगुत्वाहून हे पंगुत्व भारी आहे, आणि ते औषधाने जात नाही. येथे बोलण्याचा अधिकार धर्म जाणणाऱ्यांचा आहे आणि त्यांनी स्पष्ट बोलले पाहिजे. नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी यांचा उल्लेख केला आहे. ते अर्पण करणारा हात कोणता, हे विचारलेले नाही. घरातील वडीलधाऱ्याने एकदा पंक्तीत मोठ्याने म्हणावे, “अण्णा, डाव्याने घ्या, आम्ही तुमच्यासाठीच थांबलो आहोत.” एवढ्या एका वाक्याने पुष्कळ काम होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्याचे गात्र गळाले आहे, त्याच्याजवळ असणाऱ्याने कसे असावे? गीतेचा आरंभच अशा प्रसंगाने होतो, हे आपण विसरतो. अर्जुनाची गात्रे शिथिल झाली, तोंड कोरडे पडले, गांडीव हातातून गळले आणि तो रथात बसला. त्याची व्यथा रोगाची नव्हती, हे खरे. परंतु शेजारी बसलेल्याने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. श्रीकृष्णाने ते धनुष्य स्वतः उचलले नाही. युद्ध एकट्याने संपविण्याचे सामर्थ्य असूनही त्याने शस्त्र न घेण्याचा पण केला होता. त्याने घोडे सांभाळले, रथ योग्य जागी उभा केला, प्रश्नांना उत्तरे दिली. धनुष्य उचलावयाचे होते ते अर्जुनानेच.

आणि हा संयम सोपा होता, असेही महाभारत म्हणत नाही. भीष्मपर्वात भीष्मांच्या बाणांनी पांडवसैन्य होरपळत असता श्रीकृष्णालाही राहवले नाही. एकदा चक्र घेऊन, तर एकदा नुसता चाबूक घेऊन तो रथातून उडी टाकून धावला. त्याला आवरले कोणी? अर्जुनाने. धावत जाऊन त्याने पाय धरले आणि माझे काम मीच करीन, असे वचन दिले. ज्याला मदत करावयाची तोच मदत करणाऱ्यास थांबवितो, हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. पक्षाघाताचा रोगी जेव्हा पहिल्यांदा चिडून म्हणतो, “राहू दे, मी लावतो गुंडी,” तेव्हा घरच्यांनी मन दुखवून घेऊ नये. उपचार लागू पडू लागल्याचे ते लक्षण होय.

कोणी म्हणेल, हे बोलणे सोपे. घरी वेळ कोणास आहे? आक्षेप रास्त आहे. गुंडी लावून देण्यास क्षणभर पुरतो, लावू देण्यास पाव तास जातो, आणि तो पाव तास बहुधा पत्नीचा किंवा सुनेचा असतो. वर शेजारीपाजारी म्हणतात, काय ही सून, म्हाताऱ्याला एकट्याला धडपडू देते. म्हणून घास भरविण्यापेक्षा घासाची वाट पाहणे ही अधिक कठीण सेवा आहे, हे घरातील इतरांनी जाणावे आणि तिची दुसरी कामे वाटून घ्यावी. याच्या उलट, आळसाला तत्त्वाचे नाव देणारेही असतात. रोग्याला स्वावलंबी करतो, असे म्हणून त्याला न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर एकटे सोडणे हा संयम नव्हे, तो निष्काळजीपणा आहे. हात मागे घ्यावयाचा तो पडणाऱ्याला सावरता येईल इतक्याच अंतरावर. कोणती पायरी त्याला जमेल आणि कोठे आधार लागेल, हे ओळखणे हीच उपचारकाची विद्या. आज दिलेला आधार उद्या थोडा कमी करणे, हे तिचे व्रत.

आणि ज्याचा हात कधीच परत येणार नाही, त्याचे काय? पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे ती मंदावते; काहींच्या बाबतीत जवळजवळ थांबते. अशा वेळी फळाची आशा दाखवून रोज बोटे चोळीत बसणे ही फसवणूक ठरते, आणि आता काही उपयोग नाही म्हणून खाटेवर निजवून ठेवणे हा दुसरा अन्याय. तेव्हा प्रश्न बदलावा लागतो: गेलेला हात कसा येईल हा नव्हे, तर उरलेल्या शक्तीने या माणसाला कोणते काम आपले म्हणून करता येईल, हा. तो प्रश्न त्यालाच विचारावा. एकास पत्र लिहावयाचे असेल, दुसऱ्यास सांजवात लावावयाची असेल. जन्मभर ज्या आजीने घर चालविले, तिला पोळी लाटता येणार नाही, पण एका हाताने तांदूळ निवडता येतील. त्यांत एखादा खडा राहील. जेवताना तो दाताखाली आला, तर मुकाट्याने काढून ताटाबाहेर ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी सूप पुन्हा तिच्यापुढेच सरकवावे.